1946 चा तो विजय खरंच पोकळ होता का?

विजयालक्ष्मी पंडितांवरचा एक मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या गटांत आला. आशय असा: 1946 साली भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टाळ्या घेणारं भाषण केलं, म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं. तेही फक्त तिथल्या भारतीयांपुरतं. स्वतःच्या देशात अस्पृश्यता असताना जगाला शहाणपण शिकवलं. पद मिळालं ते भावामुळे, म्हणजे नेहरूंमुळे. आणि हाती काय लागलं? काहीच नाही, वर्णभेद 1994 पर्यंत चाललाच.

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मजकूर पटकन पटतो. त्यामुळे एकेक मुद्दा घेते.

आधी ‘दुसऱ्याचं घर’. हा युक्तिवाद आजचा नाही. तो खुद्द जनरल स्मट्स यांनी तेव्हा आमसभेत केला होता. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकेचा मसुदा ज्यांच्या हातून उतरला ते गृहस्थ. प्रास्ताविकेत मूलभूत मानवी हक्क आणि इकडे त्यांच्याच सरकारचा जून 1946 चा कायदा, ज्याला लोक ‘घेट्टो कायदा’ म्हणत. भारतीयांनी जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे, हे या कायद्यानं आखून दिलं. 1860 पासून मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांची ही तिसरी-चौथी पिढी. डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि उंबिलो रोडच्या कोपऱ्यावर नगरपालिकेचा एक मोकळा भूखंड होता. सत्याग्रहींनी तिथे तंबू ठोकले. रात्री गोऱ्या टोळक्यांनी येऊन तंबू उखडले, मारहाण केली. सत्याग्रही पुन्हा येऊन बसले, मग पोलिसांनी अटका सुरू केल्या. दोन वर्षांत सुमारे 2,000 जण तुरुंगात गेले.

स्मट्स यांचं म्हणणं: सनदेच्या कलम 2, पोटकलम 7 प्रमाणे ही आमची अंतर्गत बाब आहे. शंका असेल तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. ऐकायला हे किती वाजवी वाटतं! प्रत्यक्षात प्रश्न कायद्याच्या किसात अडकवून थंड करण्याची ती वाट होती. ब्रिटनच्या वतीनं सर हार्टली शॉक्रॉस यांनी तिला पाठिंबा दिला. भारताची कायद्याची बाजू लढवणाऱ्यांत होते आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एम. सी. छागला, जे पुढच्याच वर्षी तिथले मुख्य न्यायाधीश झाले. भारताच्या बाजूचा कणा सरळ होता. या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल 1927 साली दोन सरकारांत केपटाऊन करार झालेला आहे. दोघांनी मिळून ज्यावर बोलणी केली, करार केला, ती गोष्ट एकाचा घरचा मामला कशी ठरते?

8 डिसेंबर 1946. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मेक्सिको आणि फ्रान्स यांनी मांडलेला ठराव मताला आला. बाजूनं 32, विरोधात 15, तटस्थ 7. दोन तृतीयांश बहुमत लागत होतं. 32 पैकी एकानं जरी उलट मत दिलं असतं तर ठराव पडला असता. अमेरिका विरोधात, ब्रिटनही विरोधात. आणि हे लक्षात घ्या की भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता. हंगामी सरकार येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ज्या साम्राज्याचं राज्य अजून डोक्यावर होतं त्याच्याच विरुद्ध उभं राहून पंडितांनी मतं गोळा केली होती. याला टाळ्या घेणं म्हणत नाहीत.

गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकांनी तर हा मुद्दा सोडूच नये. 1951 साली पोर्तुगालनं आपली घटना बदलली आणि वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचं घर! हीच ती पळवाट. 15 डिसेंबर 1960 ला आमसभेनं ठराव 1542 मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या परावलंबी प्रदेशांची यादी दिली, त्यात गोव्याचं नाव आहे. ‘घरचा मामला’ ही सबब मान्य झाली असती तर ते नाव त्यात आलं नसतं.

‘फक्त भारतीयांपुरतं’ हे अर्धं खरं आहे. 1946 ची तक्रार भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचीच होती, ठरावाची भाषाही मवाळ होती. पण त्याच आठवड्यांत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा न्यूयॉर्कला आले होते. त्यांना सभागृहात बोलण्याचा अधिकार नव्हता, भारतीय शिष्टमंडळाशी मात्र त्यांचा संपर्क होता. दक्षिण-पश्चिम आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, आपल्या देशाला जोडून घेण्याचा स्मट्स यांचा बेतही याच अधिवेशनात फेटाळला गेला. तीनच महिन्यांनी, मार्च 1947 मध्ये झुमा आणि तिथल्या भारतीयांचे नेते नायकर व दादू या तीन डॉक्टरांनी आफ्रिकन आणि भारतीयांनी एकत्र लढण्याचा करार केला. 1952 साली भारतासह 13 देशांनी प्रश्न मांडला तो भारतीयांचा नव्हता. तो सरळ वर्णभेदाच्या धोरणाचा होता.

अस्पृश्यतेचा टोमणा स्मट्स यांच्या बाजूनं तेव्हाही मारला गेला, आणि तो झोंबणारा होता, कारण दुखणं खरं होतं. ते नाकारण्यात काही अर्थ नाही. बाबासाहेबांनी जुलै 1946 मध्येच अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे हा टोमणा ज्यांच्या नावानं मारला जातो, त्यांच्या नेत्यालाच घरचा अन्याय जगापुढे मांडण्यात गैर वाटत नव्हतं. न्यूयॉर्कच्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, 9 डिसेंबरला, दिल्लीत संविधान सभा पहिल्यांदा बसली. तिनं कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली. गावागावांतून ती गेली नाही, हे मी रोज बघते. पण एक देश भेद कायद्यातून काढायला बसला होता आणि दुसरा तो कायद्यात घालत होता, हा फरक लहान नाही.

भावाचं नाव? नातं होतंच. पण 1937 साली संयुक्त प्रांताच्या मंत्री झालेल्या, तीनदा तुरुंगवास भोगलेल्या बाईला पाहुणी म्हणून पाठवलं नव्हतं. त्यांचे पती रणजित पंडित मराठी घरातले. तुरुंगातून खालावलेल्या प्रकृतीनं बाहेर आले आणि 1944 साली गेले. मुलगा नाही म्हणून त्या काळच्या हिंदू कायद्यानं या विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा नव्हता. अन्याय कायद्याच्या भाषेत कसा लिहिला जातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

राहिलं ‘हाती काय लागलं’. हे वाक्यसुद्धा स्मट्स यांचंच. मतदानानंतर पंडित त्यांच्याकडे गेल्या आणि बोलताना गांधीजींनी घालून दिलेल्या मर्यादेत काही कमी पडलं असेल तर क्षमा करा, असं म्हणाल्या. त्यावर स्मट्स म्हणाले की हा विजय पोकळ आहे. यामुळे पुढच्या निवडणुकीत माझी सत्ता जाईल, तुम्हाला मात्र काहीच मिळणार नाही. पंडितांनीच ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे.

पहिला भाग खरा ठरला. 1948 साली स्मट्स हरले, स्वतःची जागाही गमावून बसले, आणि आलेलं मलान सरकार त्यांच्याहून कडवं निघालं. दुसरा भाग मात्र चुकला. एकदा पत्रिकेवर चढलेला तो विषय दक्षिण आफ्रिकेला पुन्हा खाली उतरवता आला नाही. 1962 साली आमसभेनं राजनैतिक आणि व्यापारी संबंध तोडायचं आवाहन केलं आणि वर्णभेदाविरुद्ध खास समिती नेमली. भारतानं व्यापार जुलै 1946 मध्येच थांबवला होता. त्या समितीचं काम सचिव म्हणून अनेक वर्षं सांभाळलं ई. एस. रेड्डी यांनी. 1946 साली न्यूयॉर्कला शिकायला आलेला हा तरुण त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शनांत उभा होता.