सात दिवस गप्प बसणारी माणसं

परवा रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर चपला शोधत होते, तेवढ्यात ओळखीच्या एक काकू जवळ आल्या. हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "अगं, एवढ्या प्रार्थना झाल्या, तरी गुण नाही. विश्वास कुठं कमी पडतोय का, बघ जरा." मी "हो, बघते" म्हणाले आणि रिक्षात बसले. राग घरी पोचल्यावर आला. माझं नेहमीचंच आहे, उत्तर सुचतं ते भाजी फोडणीला टाकताना. तेच इथं लिहिते. (काकू, तुम्हीही फेसबुकवर आहात, माहीत आहे मला.)

आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या त्याला या पावसाळ्यात 3 वर्षं होतील. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, दर वेळी 4 तास. आधी वजन, नंतर वजन. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते काटा सांगतो. दिवसाचं पाणी मोजून दिलंय. त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोटही आला. मे महिन्यात हे बर्फाचा एक खडा तोंडात धरून खिडकीशी बसतात, तेव्हा मी स्वतः पाणी प्यायला मोरीत जाते. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. तिथं बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर तडक दवाखाना गाठायचा. म्हणून रात्री जाग आली की आधी माझं बोट तिथं जातं, डोळे मिटणं नंतर.

पहिल्या वर्षी मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायचे, आजीनं पाठ करून घेतलेलं. परमेश्वर माझा मेंढपाळ, हिरवी कुरणं, संथ पाणी. एका रात्री 'पाणी'पाशीच अडकले. म्हटलं, देवा, कुणाला ऐकवतेय हे मी? इथं माणूस अर्ध्या कपावर दिवस काढतोय. त्यानंतर कितीतरी दिवस प्रार्थना अशी झालीच नाही. नुसतं पुस्तक उघडून बसायचे. तसंच एकदा पान उलटता उलटता तेरावं स्तोत्र समोर आलं. एवढंसं स्तोत्र, आणि त्यात चार वेळा 'किती काळ?' अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही की काही नाही. आणि वधस्तंभावर प्रभूनं काय विचारलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द. प्रभूनं विचारलेलं मी विचारलं तर माझा विश्वास कमी?

डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्या काकांच्या मंडळी माळकरी आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग! आमचे तुकोबा काय कमी भांडले विठ्ठलाशी?" ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या वॉर्डात त्या पुलावर दोन्ही बाजूंनी रहदारी असते.

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्यात प्रत्येक प्रवचनात येतं, पण बहुतेक वेळा सत्काराच्या हारासारखं. जरा नीट बघा त्या बाईकडे. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. वयाची चोविशीही पुरी झाली नव्हती, कडेवर लेक मनोरमा. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, तो 1883 मध्ये इंग्लंडात झाला. म्हणजे ख्रिस्ती झाल्यावर दुःखं संपली असं कुणी म्हणेल, तर 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा केडगावला (दौंडजवळचं, आमच्या नगरचं नव्हे) बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी बायबल करायचं काम. त्यांनी ते सोडलं नाही. वर्षभराच्या आत त्याही गेल्या. त्यांचा विश्वास कुठं कमी पडला, काकू?

दोन वर्षांपूर्वी चंगाईच्या (प्रार्थनेनं आजार बरा करण्याच्या) एका सभेत ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं गेलं, "मशीन सोडा, प्रभूवर टाका." ह्यांनी एक शुक्रवार खरंच सोडला. मीही अडवलं नाही, हे कबूल करते. रविवारी रात्री तोंड सुजलेलं, आडवं पडलं की श्वास घेता येत नव्हता. पहाटे तीनला दवाखान्याच्या दारात मी चपलांशिवाय उभी. तेव्हापासून घरात नियम आहे, प्रार्थना कुणीही करावी, पण डायलिसिसची वेळ सोडून.

बायबलमधल्या ईयोबाचे, काही चूक नसताना सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, तीन मित्र आठवतात ना? त्याची दशा बघून ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं तेवढंच बरोबर होतं. मग तोंडं उघडली आणि सुरू झालं, तुझ्याच हातून काही घडलं असणार. शेवटी देव ईयोबालाही सुनावतो, पण 'तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत' हा ठपका येतो तो ह्या शहाण्यांवर. पानंच्या पानं तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना दादाच म्हणतात. ते दर शुक्रवारी दुपारी येतात आणि खाटेशेजारच्या स्टुलावर चार तास बसतात. वचन नाही, उपदेश नाही. वर्तमानपत्र वाचतात, माळशेज घाटातल्या धुक्याच्या गोष्टी सांगतात, मला खाली चहाला पाठवतात. माझा विश्वास कशावर टिकलाय असं कुणी विचारलं तर मी आधी त्या स्टुलाकडे बोट दाखवीन.

गेल्या शुक्रवारी सुई टोचताना ह्यांना फार दुखलं. दादांनी पहिल्यांदाच मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, आजची गाडी नीट पोचव. आमेन."

ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "थांबे किती?"

"लई आहेत," दादा म्हणाले, आणि पेपर उघडला.