ओल्या पायाच्या ठशावरून शूज घेऊ नका
जळगावच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की ओला पाय फरशीवर ठेवा, ठसा पूर्ण उमटला म्हणजे सपाट पाय, मग पळायला महागडे सपोर्टवालेच (तळव्याच्या कमानीला आधार देणारे) शूज घ्या नाहीतर गुडघे गेले. भाऊ, असं नाहीये. अमेरिकी सैन्याने हजारो रिक्रूटांना पायाच्या आकारानुसार शूज देऊन बघितले, दुखापती काही खास कमी झाल्या नाहीत. मेहरूण तलावावर पळायला नवीन येणारी पोरं यापायी उगाच खर्चात पडतात, फार वाईट वाटतं. शूज संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, दुकानातच थोडं पळून बघा, आरामात बसतो तोच तुमचा. गुडघे बऱ्याचदा दुखतात ते एकदम अंतर वाढवल्याने. पाय आधीच दुखत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.