अण्णांचा झीरो, तिचा सीरो

आज ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बिहारहून आलेला एक नवा मुलगा ग्राहकांसाठीची योजना मांडत होता. पहिल्याच वाक्यात 'इस्पेशल इस्कीम' म्हणाला, आणि लगेच आमच्या ग्रुपवर कुणीतरी तेच दोन शब्द टाइप करून टाकले. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तो मुलगा त्या ग्रुपमध्ये आहे हो! बोलता बोलता त्याने ते पाहिलं, आवाज खाली गेला, चार स्लाइड गाळून त्याने आवरतं घेतलं. दुपारपासून माझं डोकं फिरलंय.

मला अण्णा आठवले. २०११ साली चेन्नईच्या एका हॉस्पिटलात त्यांची बायपास झाली. अण्णा सांगली जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत गणिताचे मास्तर, नर्स केरळची. त्यांना मल्याळम येत नव्हतं, तिला मराठी, आणि हिंदी दोघांचीही बेताचीच. ती रोज सकाळी यायची, "अंगिळ, सीरो टू टेन, हाऊ मच पेन?" पहिल्या दिवशी अण्णा गोंधळले. सीरो म्हणजे? मग उजेड पडला आणि त्यांनी झाडातल्या 'झ'चा खणखणीत 'झीरो' सुनावला. आता ती गोंधळली. दुसऱ्या दिवसापासून कुणाचंच काही अडलं नाही. 'अंगिळ'वर तर अण्णा बेहद्द खूश. मला म्हणाले, "बघ, पोरीच्या इंग्रजीत ळ आहे!"

मल्याळममध्ये तो 'झ'चा आवाजच नाही, म्हणून तिचा 'स'. बंगाली माणसाचा व्हिडिओ 'भिडिओ' होतो, तमिळ माणूस एम, एल, एनला यम, यल, यन म्हणतो, तेलुगूत शब्द बहुधा स्वरावरच टेकतो म्हणून बसची 'बस्सू' होते. आणि त्या मुलाचा 'इ'? पालीत 'स्त्री'चं 'इत्थी' झालं, त्याच जातीचं वळण आहे ते. पंजाबी माणूस सुरुवातीच्या जोडाक्षराची तीच गाठ 'सकूल' म्हणून सोडवतो. आमची आजी स्टोव्हला 'इष्टो' म्हणायची. तिला कुणी हसलं होतं?

आणि हसणारी मंडळी कोण, तर आपली पुण्या-मुंबईची. 'थँक यू' म्हणताना थाळीतला 'थ' लावणारी! इंग्रजीत तो 'थ' नाही. आपला 'ट'सुद्धा नाही. इंग्रजांची जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला लागते, आपली मागे टाळूकडे वळते. मग आपला 'ट' चालतो आणि त्याचा 'इ' का नाही? उच्चार हे निमित्त आहे. हसू येतं ते बिहारवर, आणि हे तोंडावर बोलायला हवं. मुंबईचा कॉन्व्हेंटवाला पेठेतल्या इंग्रजीला हसतो, पेठेतला आमच्या सांगलीला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडायची बंद झाले होते, ते अजून विसरलेले नाही.

हो, फोनवर ग्राहकाला एकच शब्द तीनदा विचारावा लागला तर काम अडतं, तेवढं मान्य. पण 'इस्पेशल' कुणाला कळलं नाही? सगळ्यांना कळलं. कळलं म्हणूनच तर हसले.

डिस्चार्जच्या सकाळी ती शेवटची आली. "अंगिळ, सीरो टू टेन?" अण्णा म्हणाले, "सीरो." तिच्याच 'स'ने. टाके ओले होते, दुखत तर असणारच. ती हसली, त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि गेली. अण्णा नंतर बरीच वर्षं घरी शून्याला सीरोच म्हणत, नातवंडांचे पाढे घेतानासुद्धा. आता ते नाहीत. हे लिहिताना गळा दाटून येतोय, आणि मघाचा राग कुठे गेला कळत नाही.

नाही, गेलेला नाही. कारण आज ग्रुपवर मीही गप्प बसले होते. हसले नाही, पण एक ओळ लिहायला काय झालं होतं मला? "पुढे सांग, ऐकतोय आम्ही" एवढंही लिहिलं नाही.

त्याची ती योजना नेमकी काय होती, हे आज आमच्यातल्या कुणालाही सांगता येणार नाही. उद्या सकाळी त्याला फोन करणार आहे. गाळलेल्या चार स्लाइडसकट सगळी ऐकायचीय मला.