ॲपमध्ये गड्डा भरवा

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरींचं दुकान आहे आणि आता ॲप काढताय? मग हात आखडता घेऊ नका. पहिल्याच स्क्रीनवर आपल्या गड्ड्याच्या जत्रेसारखं सगळं मांडा: रंगांच्या छटा, धाग्याचा नंबर, काठाची नक्षी, वीण. जॅकार्ड म्हणजे काय हे मंगळवेढ्याच्या मावशींना ठाऊक नसेल, तर त्यांनी शिकून यावं.

दुकानातली रीत इथे विसरा. तिथे मावशी गादीवर टेकल्या की तुम्ही विचारता, "मावशी, सिंगल देऊ का डबल?" मग तीनच चादरी पुढ्यात उलगडता आणि चहा संपायच्या आत मावशी एक घेऊन उठतात. कपाटातल्या बाकीच्या मालावर केवढा अन्याय!

कुणी शहाणा तुम्हाला शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा २००० साली छापून आलेला प्रयोग ऐकवेल. अमेरिकेतल्या दुकानात जॅमच्या २४ चवी मांडल्या, तेव्हा थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी बरणी घेतली. ६ मांडल्या तेव्हा ३० टक्के लोकांनी. त्याला सांगा, २४ चवींपाशी गर्दी तर जास्त जमली होती ना! गल्ल्याचं बघू नंतर. शिवाय पुढच्या बऱ्याच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही, हेही मोठ्यानं सांगा. (कुठे दिसतो आणि कुठे नाही, याच्या खोलात शिरू नका.)

खरी कला पत्त्याच्या फॉर्ममध्ये. ४१३००१ हा पिनकोड टाकला की राज्य-जिल्हा ॲपला आपसूक कळू शकतो. कळू देऊ नका. देशांची यादी अफगाणिस्तानपासून सुरू करा, भारत सापडेपर्यंत बोटाला व्यायाम होतो. मग राज्य, मग जिल्हा, मग तालुका. आपण उत्तर सोलापुरात मोडतो की दक्षिण, यावर घरात भांडण लागलं की समजा, काम फत्ते. जन्मसालही मागा, १९०० पासून. चादर काय वय विचारल्याशिवाय ऊब देते होय?

आधीपासून काहीही निवडून ठेवू नका. बहुतेक गिऱ्हाइकं डबलच नेतात हे माहीत असलं तरी नाही. गिऱ्हाइकाचं स्वातंत्र्य महत्त्वाचं. अपवाद एकच: 'रोज जाहिरातींचे मेसेज पाठवा' या चौकोनात बरोबरची खूण तुम्हीच करून ठेवा.

एवढं करूनही कुणी चादर न घेता निघून गेलंच, तर 'का गेलात?' म्हणून फॉर्म पाठवा. कारणं अठरा द्या. 'पर्याय फार होते' हे मात्र त्यात घालू नका, यादी उगाच लांबते.