बल्ब न लागण्याचा प्रयोग

सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानात एक प्रयोग आहे. बुचात दोन खिळे ठोकायचे, ते बूच 100 मिलिलिटरच्या चंचुपात्रात ठेवायचं, 6 व्होल्टची बॅटरी आणि बल्ब जोडायचा, मग एकेक द्रावण ओतून बल्ब लागतो का बघायचं. आम्ल घातलं तर लागतो, ग्लुकोज किंवा अल्कोहोल घातलं तर लागत नाही. प्रयोग सोपा आहे, पण तो एकत्र कुटुंबात करू नये.

सुरुवात मेडिकलपासून झाली. "मुलीच्या प्रयोगासाठी स्पिरिट हवंय," म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने घरी आल्यावर बायकोने बाटलीकडे पाहिलं. शुद्ध पाणी इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधून घेतलं. नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात, ते उगाच लुडबुड करतात.

स्पिरिटचं, म्हणजे अल्कोहोलचं द्रावण ओतलं. बल्ब लागला नाही. म्हणजे प्रयोग यशस्वी! पण आमच्या घरात न लागलेला दिवा बघून स्वस्थ बसायची कुणाला सवय नाही. बायकोने बल्ब थेट बॅटरीला लावून पाहिला. साडूभाऊंनी खिळे पॉलिश पेपरने घासले, वायर पिळली, बॅटरीला दोन चापट्या मारल्या.

"दोन पेग पोटात गेले की माझे सगळे दिवे लागतात," ते म्हणाले, "मग हा एवढासा बल्ब लागत नाही म्हणजे काय?"

मुलीने समजावलं. मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराइड भाऊबंदकीसारखे वेगळे होतात, आपापला प्रभार घेऊन फिरतात आणि वीज वाहून नेतात. अल्कोहोलचा रेणू पाण्यात पूर्ण मिसळतो, पण अख्खाच राहतो. प्रभार वाहायला आयनच, म्हणजे प्रभार असलेले कणच नाहीत, तर वीज जाणार कशी?

"पण याच्या सूत्रात शेवटी ओएच, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे," साडूभाऊ पेटले. बारावी सायन्सवाला माणूस! "कॉस्टिक सोड्यातही तेच आहे."

"काका, तिथला ओएच आयन म्हणून सुटतो. इथला कार्बनला घट्ट धरून बसलाय. त्यातला हायड्रोजनही जवळजवळ सुटत नाही."

काका काही ऐकेनात. मला बिचाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्हेनियसची आठवण झाली. मीठ पाण्यात फुटतं, या विचाराचा प्रबंध त्याने 1884 साली उप्साला विद्यापीठात दिला, तर परीक्षकांनी जेमतेम पास केलं. पुढे 1903 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. पण त्याला निदान परीक्षक तरी होते. माझ्या पोरीपुढे आमचे साडूभाऊ होते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. "काही बेचव झालं असेल तर मीठ घाला," म्हणत तिने चमचाभर मीठ टाकून ढवळलंसुद्धा. खिळ्यांवर बुडबुडे आले आणि बल्ब मिणमिणता, तांबूस लागला. टाळ्या पडल्या. "बघा! दारूत करंट असतो!" साडूभाऊ ओरडले. मुलगी कपाळाला हात लावून वहीत लिहीत बसली.

हा विजय साडूभाऊंनी रात्री वेगळ्या बाटलीने साजरा केला. दारू शरीरातलं पाणी बाहेर काढते, त्यामुळे सकाळी ते कोरड्या तोंडाने ओआरएस ढवळत बसले होते. पाकिटावर सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड वाचून त्यांनी विचारलं, "यात लागेल का गं बल्ब?"

"यात आयन आहेत, काका. पण आधी पिऊन टाका."

बॅटरी मी रात्रीच माळ्यावर टाकली होती.