आबांची घागर कोणाच्या घरी?

"घागर एकच, आणि ती गावातच भरायची. सुरतला बिल्डिंगीच्या पाचव्या मजल्यावर आबा कशाला जातील?" मुन्नाने बसल्याबसल्या निकाल लावून टाकला. विषय पिंट्याच्या घरचा होता, पण बोरी नदीच्या पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर ज्याच्या घरचा विषय असतो त्याला बोलायची पाळी सगळ्यात शेवटी मिळते.

भानगड अशी होती. पिंट्याचे आबा, म्हणजे आजोबा, आदल्या कार्तिकात गेले. त्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची, आखाजी (अक्षय्य तृतीया) ३० एप्रिलला, बुधवारी. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, आणि आबांच्या नावाची ही पहिलीच. पिंट्याचे वडील थोरले, ते गावात शेती बघतात. काका सुरतेत, उधन्याला, कापडाच्या लूमवर. त्यांनी फोन केला की एवढ्या उन्हात लेकराबाळांना घेऊन निघणं जमायचं नाही, आम्ही आमच्याकडे वेगळी घागर भरतो. पिंट्याच्या पुण्यातल्या भावाचं तिसरंच. त्याचं महिनाअखेरचं क्लोजिंग, म्हणून तो म्हणे रविवारी, ४ मेला करून घेऊ, सगळ्यांना सोयीचं पडेल.

"तृतीया रविवारी हवी असेल तर चंद्राकडे अर्ज करावा लागेल," सर म्हणाले. सर रिटायर झाले, पण फळा सुटला नाही. त्यांनी लगेच तारखा मांडल्या. २०२४ ला आखाजी १० मेला होती, यंदा ३० एप्रिल, पुढच्या वर्षी १९ एप्रिल. मग २०२६ लाच अधिक ज्येष्ठ येतोय, की त्यापुढची पुन्हा मे महिन्यात ढकलली जाणार. "आणि पुढच्या वर्षीचा १९ एप्रिल रविवारच आहे. तेव्हा कोणतं कारण सांगतो ते बघायचं."

"ओ सर, पोरगं नोकरी करून राहिलं, चैन नाही करत," बापू म्हणाला. बापूकडे बारा एकर आहे आणि आखाजीला त्याच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल फिटतं. हिशेब, उचल, नवीन माणसाची बोलाचाली, सगळं त्याच दोन दिवसांत. त्यामुळे सण पुढे ढकलायला त्याचा जिवावरचा विरोध असेल असं मला वाटलं होतं. पण तो सुरतवाल्या काकांच्या बाजूने उभा राहिला. "घागरीला लागतं काय? कुंभाराकडची लाल घागर, वर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी, दोन आंबे. यातलं काय उधन्यात मिळत नाही? अर्धा खानदेश तिथं राहतो. इथं तापीच्या वाळूतलं डांगर मिळेल, तिथं बाजारातलं. पितर काय वास घेऊन परत पाठवतात का?"

"उंबरठ्याचं काय मग?" मुन्ना.

हा मुद्दा खरा होता. आखाजीच्या सकाळी उंबरठा धुवून त्यावर गेलेल्या एकेका माणसाच्या नावाने कुंकवाचं बोट उमटवायचं, हे आबांचं काम. मी लहानपणी पिंट्याकडेच पडलेला असायचो, त्यामुळे पाहिलंय. बापाचं बोट, आजाचं बोट, पणज्याचं बोट. नावं संपली की "ज्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही त्याचं" म्हणून एक. आणि सगळ्यात शेवटी एका टोकाला, चौकटीला अगदी लागून, एक बोट थोरल्या बहिणीचं. ती सासरी बाळंतपणात गेलेली. गावातल्या एका जाणत्याने एकदा टोकलं होतं की ती दुसऱ्या घरची झाली, तिचं इथं कशाला? आबांनी वर न बघता दुसरं बोट उमटवलं. एका बहिणीची दोन बोटं. तो माणूस पुन्हा काही बोलला नाही.

"सुरतच्या फ्लॅटला ग्रॅनाइटचा उंबरठा आहे," पिंट्या पहिल्यांदा बोलला. "कुंकू काकू पुसून टाकते. डाग पडतो म्हणते."

चहा आला. भाव, ऊन, सोनं लाखाच्या घरात गेलंय आणि तरी मुहूर्ताच्या जाहिराती कशा, असं दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग सरांनी विचारलं, "बरं, गावात करायचं ठरलं तर तयारी कुठवर आली?"

आणि इथून गाडी भलत्याच वाटेला लागली.

तयारी म्हणजे कुरडया झाल्या होत्या. त्याही पिंट्याच्या आईने आणि बायकोने दोघींनीच केल्या. ज्यांनी कुरडयांचं काम पाहिलंय त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, घरात तो आंबूस वास भरून राहतो. मग वाटायचे, चीक काढायचा, आणि पहाटे उठून तो शिजवायचा. चीक शिजताना हात थांबला की गुठळी झालीच. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत खाटेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर पाडायच्या. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसला टेकतो, कुरडया दोन दिवसांत कडक वाळतात. पण दोघींचं काम नाही ते. चार-पाच जणी लागतात, आणि त्या चार-पाच जणी पूर्वी त्या घरात असायच्या.

"आणि मांडे?" मी विचारलं. "मांडे कोण करणार?"

पुरणाचे मांडे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. कणीक इतकी सैल तिंबायची की हातातून ओघळावी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत न्यायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. फाटला की पुरण खापराला जळलं. पिंट्याच्या आईची कंबर गेली आहे. बायको पोळी लाटून करते, ती छान करते, पण मांडे नाही.

"मांडे धाकटी आत्या करायची," पिंट्या म्हणाला आणि चहाच्या ग्लासात बघत बसला.

"मग ती येतेय ना?"

"कोणी बोलावलंच नाही."

म्हणजे अर्धा तास आम्ही मेलेल्या माणसाची घागर इथं की तिथं यावर भांडत होतो, आणि ज्यांच्यासाठी हा सण आहे त्यांचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. आखाजी ही सासुरवाशिणींची. दिवाळीपेक्षा आमच्या बायका आखाजीला माहेरी जायला जास्त तडफडतात. झोका बांधलेला असतो, गौराईची गाणी असतात, दोन दिवस सासूचा आवाज कानावर नसतो. पुरुषांना त्यात पत्ते कुटायला तेवढी मुभा. आबांना हे पक्कं माहीत होतं. दोन्ही मुलींना आणायला मुराळी म्हणून ते स्वतः जायचे. आधी बैलगाडीने, मग एसटीने, दोंडाईच्याच्या धाकटीला आणायला सुरत लाइनच्या पॅसेंजरने. पोरं मोठी झाल्यावरही त्यांनी कोणाला पाठवलं नाही. आदल्या दिवशी निंबाला दोर बांधला की आधी स्वतः त्यावर बसून दोन हेलकावे घ्यायचे, फांदी करकरली नाही की मग पोरींना हाक. पांढरं धोतर, मिशा, आणि झोक्यावर. आम्ही हसायचो, ते अजून जोरात झोका घ्यायचे.

"का नाही बोलावलं?" सरांनी विचारलं, पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, दुसऱ्याच दिवशी दोघी आत्यांपुढे हक्कसोडपत्राचे कागद ठेवले गेले. थोरलीने सही केली. धाकटी म्हणाली, आत्ताच काय घाई आहे, बघू नंतर. तेव्हापासून फोन बंद.

मुन्ना उसळला. "काय चुकलं? लग्नं केली, बाळंतपणं केली, दर आखाजीला लुगडं केलं. तोच त्यांचा हिस्सा."

"तो कायदा गेला आता," सर म्हणाले. "महाराष्ट्रात १९९४ ला, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, २००५ ला देशाच्या कायद्याने सगळ्याच मुलींना. आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट करून टाकलं की हा हक्क जन्मापासूनचा, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता ते बघायचं नाही. वारस नोंदीत दोघींची नावं लागणारच. सोडायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

"मग काय, भावाभावांत आणि बहिणीत कोर्टकचेरी लावायची?"

"कोर्टाचं कोणी बोललं नाही," बापू म्हणाला. त्याने स्वतःच्या बहिणींकडून सह्या घेतल्या आहेत, हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे तो पुढे बोलेना.

माझं मत मी तिथंच सांगितलं. जमिनीचं काय व्हायचं ते होवो, सही करो नाहीतर न करो, तिचं माहेर त्या कागदावर टांगून ठेवायचं नाही. सही दिली तर लेक, नाही दिली तर परकी, असा हिशेब आबांनी केला असता तर मेलेल्या बहिणीची दोन बोटं उंबरठ्यावर आली नसती. सुरतला घागर भरा, पुण्यात भरा, त्याने काही अडत नाही. पण दोन लेकी जिवंत असताना त्यांच्याशिवाय केलेली आबांची आखाजी मला तरी पटत नाही.

"तू सोपं बोलून राहिला," पिंट्या म्हणाला. "बापासमोर कोण बोलणार?"

"बापासमोर नंतर. आधी आत्याला लाव."

बराच वेळ नाही-हो झालं. शेवटी त्याने लावला, आणि मुन्नाने हात लांब करून स्पीकर चालू केला. पिंट्याने तब्येतपाणी विचारलं, उन्हाचं विचारलं, मग अडखळत घागरीचा सगळा घोळ सांगितला, सुरत, पुणे, रविवार. आत्याने ऐकून घेतलं.

"घागर कोठेबी भरा रे भो," ती म्हणाली. "माले लेवाले कोन येस, ते सांग."

"मी येतो ना आत्या. गाडी घेऊन येतो."

"तू नको. तुना बाप येस का?"

पिंट्या म्हणाला, विचारून सांगतो. फोन ठेवला. मग पिंट्याचा बाप बहिणीला आणायला जाणार की नाही यावर नवीन वाद पेटला. सर म्हणाले जातील, शेवटी सख्खी बहीण आहे. मुन्ना म्हणाला, तो माणूस मेला तरी वाकायचा नाही, लावा शंभराची. बापूने सरांच्या बाजूने शंभर लावले, मी पण लावले. पत्ते पिसायच्या आधीच यंदाचा आखाजीचा जुगार सुरू झाला, आणि पिंट्या "चला, बापाला विचारतो" म्हणत गाडीला किक मारायला लागला.