गाणे सहज सुचले, असेच सांगावे

आपल्याला एक गाणे करायचे आहे आणि ते गल्लोगल्ली वाजायला हवे आहे, एवढी सदिच्छा मनात असेल तर सर्वप्रथम पेटीचा भाता बंद करून ठेवा. राग, ताल, वृत्त यांचा आपला काही अभ्यास झाला असल्यास त्याची वाच्यता करू नका. गाजलेल्या गाण्याच्या कर्त्याला पुढे जन्मभर एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे 'हे सुचले कसे?', आणि त्यावर 'सात वर्षे घासली' असे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. 'असेच बसलो होतो, बोलता बोलता झाले' हे उत्तर गाणे होण्याआधीच पाठ करून ठेवावे.

या विद्येचा आदर्श धडा चेन्नईकरांनी घालून दिलेला आहे. 'व्हाय दिस कोलावेरी डी' हे एका तमिळ चित्रपटाचे गाणे 16 नोव्हेंबर 2011 रोजी सोनी म्युझिकने यूट्यूबवर आणले, तेव्हा ते लिहिणारा आणि गाणारा धनुष हा पेशाने नट होता, संगीतकार अनिरुद्ध रविचंदर 21 वर्षांचा होता आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट होता. यावरून अननुभव हे भांडवल आहे असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. मात्र चित्रपटाची दिग्दर्शिका ऐश्वर्या ही धनुषची तेव्हाची पत्नी आणि रजनीकांत यांची कन्या होती, आणि अनिरुद्ध हा रजनीकांत यांच्या पत्नीचा भाचा आहे, हा तपशीलही वहीत उतरवून घ्यावा. होतकरू कलावंताने नातेवाईक विचारपूर्वक निवडावेत. ही तजवीज जन्मापूर्वी झाल्यास उत्तम.

भाषेचा प्रश्न त्यांनी मोठ्या खुबीने सोडवला. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याच्या शेपटीला तमिळ वळणाचा उकार लावायचा आणि 'मून'चा 'मूनु', 'कलर'चा 'कलरु' करून पुढे जायचे. 'कोलावेरी' म्हणजे खून चढावा असा संताप. त्याचा अर्थ ठाऊक नसलेल्या कोट्यवधी लोकांनी तो शब्द अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने म्हटला. या बाबतीत मराठी माणसाला कुणापुढेही हात पसरण्याची गरज नाही. 'अरे, दोन मिनिटे वेट कर, मी रीचच होतेय' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी तयार पडलेले आहे, त्याला चाल लावण्याचेच काय ते राहिले आहे.

यापेक्षाही शिकण्यासारखी गोष्ट गाण्याच्या अगदी आरंभी आहे. गायक सुरुवातीलाच सांगून टाकतो की हे फ्लॉप गाणे आहे. टीकाकाराने मारायला उचललेला दगड त्याच्या हातून अदबीने काढून घेऊन आपल्याच खिशात ठेवावा, तसा हा प्रकार आहे. आपणही गाणे प्रसिद्ध करताना 'काही खास नाही, सहज केलेय' असे खाली लिहावे. ते पडले तर आपण खरे बोललो होतो आणि चालले तर आपण विनयशील होतो.

आता चित्रफितीविषयी. गाण्याची कच्ची प्रत आधीच इंटरनेटवर फुटली होती, तेव्हा अधिकृत गाणे बाहेर काढणे भागच होते. म्हणून त्यांनी स्टुडिओतले चित्रीकरण दाखवले. त्यात ना बर्फाचे डोंगर, ना एकसारखे कपडे घातलेले पन्नास नर्तक. ध्वनिमुद्रणाची खोली, कानांवर हेडफोन, समोर माईक, तालावर मान हलवणारी चारदोन माणसे आणि ओळ म्हणता म्हणता आलेले हसू, एवढाच ऐवज. आपण चुकून कुणाच्या घरात डोकावलो आणि तिथे मैफल रंगलेली सापडली, असे पाहणाऱ्याला वाटते. खोलीत कॅमेरा आहे, त्यामागे माणूस आहे, त्याने प्रकाश नीट पडतो आहे ना हे पाहिलेले आहे, आणि ते हसू कापून टाकायचे नाही असे नंतर कुणीतरी संकलनाच्या टेबलावर ठरवलेले आहे, हे मनातही येत नाही. एवढे सहज दिसण्यासाठी जो खर्च येतो तो खुशाल करावा, परंतु त्याची पावती कुणाच्या दृष्टीस पडू देऊ नये.

हल्लीच्या उमेदवारांना यात थोडी भर घालावी लागेल. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याखेरीज गाणे ऐकले असे मोजत नाहीत. तेव्हा आलापी, प्रस्तावना, वातावरणनिर्मिती वगैरे जे काही करायचे असेल ते एकतिसाव्या सेकंदानंतर करावे. शिवाय श्रोत्याने गाण्याचे काय करायचे, हे गाण्यातच सांगितलेले बरे. जळगावकडच्या संजू राठोडने 2024 मध्ये 'गुलाबी साडी' आणले, त्यातली नायिका नटूनथटून आपला फोटो काढायला सांगते. हातात फोन घेऊनच गाणे ऐकणाऱ्या पिढीला यापेक्षा स्पष्ट सूचना ती कोणती द्यायची? घराघरांतल्या गुलाबी साड्या कपाटाबाहेर आल्या आणि जाहिरातीचे काम जनतेने स्वखर्चाने केले.

गाणे गाजू लागले की एखादा जाणता माणूस नाराज होईल याची व्यवस्था पाहावी. त्याशिवाय यशाला वजन येत नाही. कोलावेरीला हे भाग्य आपोआप लाभले. जावेद अख्तर यांनी त्याच्या चालीवर आणि शब्दांवर उघड नापसंती व्यक्त केली, आणि ज्यांनी ते गाणे तोवर ऐकले नव्हते त्यांनीही मग ते ऐकून घेतले. गंमत अशी, की गीतकार-संगीतकारांना मानधनाचा न्याय्य वाटा मिळावा यासाठी हेच जावेद अख्तर संसदेत झगडत होते आणि 2012 च्या मे महिन्यात कॉपीराइट कायद्यातली ती दुरुस्ती संमतही झाली. म्हणजे ज्यांच्या शब्दांनी आपल्या कानांना त्रास होतो त्यांच्याही खिशाची काळजी त्यांनी वाहिली. असा टीकाकार मिळायला पूर्वपुण्याईच लागते.

पुढच्या पायऱ्या आपोआप चढल्या जातात. मराठीसकट अनेक भाषांत विडंबने होतात आणि ती मूळ गाण्यापेक्षा बरी आहेत असे प्रत्येक विडंबनकाराच्या मावशीचे मत असते. त्यानंतर सरकारला जाग येते. गाणे येऊन दीड महिनाही झाला नव्हता, तोच जपानच्या पंतप्रधानांसाठी डॉ. मनमोहन सिंग यांनी दिल्लीत दिलेल्या मेजवानीचे आमंत्रण धनुषला गेले. तेव्हा एक बरा बंदगळा आत्ताच शिवून ठेवा.

एवढे सगळे झाल्यावर, ज्या वस्तूची जाहिरात म्हणून हे गाणे केले होते ती वस्तूही बाजारात आणावी लागते, हा या धंद्यातला एकमेव कंटाळवाणा भाग आहे. '3' नावाचा तो चित्रपट 30 मार्च 2012 रोजी लागला. त्याचा नायक मानसिक आजाराने ग्रासलेला असून अखेरीस आत्महत्या करतो. गाण्यावर नाचून आलेला प्रेक्षक तिकीट काढून आत बसला, तो हे पाहायला. चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, यात प्रेक्षकांना दोष देणे कठीण आहे. आपल्यापुरता उपाय सोपा आहे. गाणे करावे, त्यामागे चित्रपट ठेवू नये.

कीर्ती नेमकी किती टिकते, अशी शंका काही चिकित्सक वाचक काढतील. गाणे येऊन वर्ष उलटल्यावर आमच्या गल्लीतून एक वरात गेली आणि बँडातल्या क्लॅरिनेटवाल्याने ते गाणे असे काही खेचून वाजवले की क्षणभर लावणीच सुरू झाली असे वाटले. बँड विसावला तेव्हा घाम पुसत उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना मी, हे गाणे कुणाचे, असे विचारले. त्यांनी बाकीच्या वादकांकडे पाहिले, वादकांनी ढोलवाल्याकडे पाहिले, आणि मग त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितले, "साहेब, ते वरातीचे आहे. मांडवात नाही चालत."